फुटला का फोडला

पोपटराव आप्पा आपणहून चहा मागायला लागले की समजावं, काहीतरी न्यायला आलेत.

त्या दिवशी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून एकटेच आले. मी मशीनवर बसून ब्लाउजच्या बाह्या लावत होते. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि पाणी पन्हाळीतून थेट रस्त्यावर पडत होतं. आप्पा ओल्या चपला पायरीवर आपटत म्हणाले, "भाभी, शिरूरला पाणी लई झालंय का? मोटर बंद करा की."

आमचे हे, महबूब, दारातच खुर्चीवर बसले होते. मोटरचं बटण त्यांच्या डोक्यावर, हात वर केला की पुरेल एवढ्यावर. ते हलले नाहीत. मी मशीन सोडून आले आणि बटण खाली केलं.

ते आफ्रिकेतून परत आल्यापासून आमच्या घरात हे असंच आहे. मोटर चालू कुणीही करो, बंद मी करायची. मी बाजारात गेले असले तर शेजारच्या साळूबाई येऊन बंद करतात, आणि त्यांना विचारलं तर म्हणतात, "बटणाला हात लावीत न्हाई म्हंजी काय, जावईबापू हाय का?" गल्ली हसते. ज्या माणसानं उभं आयुष्य पंपांवर काढलं, त्याला घरची अर्ध्या घोड्याची मोटर बंद करता येत नाही, ही गंमत आहेच. मला मात्र कधी हसू आलं नाही.

हे पंपांचा माणूस. आधी बोअरवेलच्या गाडीवर, मग दगडखाणीतलं पाणी उपसायच्या कामावर. मग आप्पांनी सांगितलं की आफ्रिकेत एका तांब्याच्या खाणीला माणसं हवीत. कंपनी पुण्याची होती. पुण्याची म्हणजे साहेब पुण्याचे, ऑफिस पुण्याला, दिवाळीची मिठाई पुण्याची. पण कागदावर ती समुद्रातल्या कुठल्याशा बेटाची. त्या बेटावर कंपनीचा एक माणूसही राहत नाही, नुसती पाटी राहते. पाटीचा फायदा असा की त्या बेटाचा आणि त्या देशाचा करार आहे. उद्या काही भांडण झालं तर त्या देशाच्या कोर्टात न जाता तिसऱ्याच देशात, तीन पंचांपुढं जाता येतं. त्याला लवाद म्हणतात. आपल्याकडं सोसायटीच्या भांडणात असतो तोच शब्द, फक्त विमानानं जायचा.

आप्पांचा मुलगा नवनाथ तिथं शिफ्ट इनचार्ज म्हणून गेला होता. डिप्लोमा झालेला, गोरागोमटा, ह्यांना मामा म्हणणारा. आणि मग त्या देशाच्या सरकारनं खाण ताब्यात घेतली. राष्ट्रीयीकरण. हा शब्द मला बँकेच्या पाटीवरनं माहीत होता. बँकेच्या पाटीवर तो बरा दिसतो.

माणसं परत आली. कंपनीनं लवादात दावा लावला: सरकारनं आमची चालती खाण हिसकावली, सैन्यानं वीज तोडली, त्यामुळं पंप बंद पडले, खाण पाण्यानं भरली, आता पुढची पंचवीस वर्षं ती जेवढं तांबं देणार होती तेवढं सगळं भरून द्या. पंचवीस वर्षांत जे अजून व्हायचं होतं ते धरून. दाव्याचा तो इंग्रजी कागद मी मुद्दाम दोनदा वाचून घेतला थोरल्या पोरीकडून. जे घडलंच नाही त्याची भरपाई मागता येते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

ह्यांचा जबाब परत आल्या आल्या घेतला होता, शिक्रापूरच्या एका हॉटेलात. त्यात हे म्हणाले होते, "पंप बंद पडले." तेवढंच. आता त्या तीन शब्दांवर कंपनीची निम्मी केस उभी होती. ह्यांना व्हिडिओवरून पंचांपुढं साक्ष द्यायची होती, आणि आप्पा चहा मागत होते.

"गुरुवारी हाय," आप्पा बशीत चहा ओतत म्हणाले. "त्याच हॉटेलात. एसी रूम. कंपनीनं जेवणाची सोय केलीय. महबूबभाई, घाबरायचं काम न्हाई. जे आधी बोललाय तेच बोलायचं."

"व्हय," हे म्हणाले.

"पंप बंद पडले."

"व्हय."

"कसे पडले, कवा पडले, त्यात शिरायचं न्हाई. लांबलं की माणूस अडकतो."

मी म्हणाले, "आप्पा, तुमचा नवनाथ होता की तिथं. इनचार्ज तो होता. त्याचीच घ्या की साक्ष."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "नवनाथची तब्येत बरी न्हाई, भाभी. बीपी."

"एवढ्या लहान वयात."

"टेन्शनचं बीपी हाय ते. वय बघत न्हाई."

एवढ्यात सुमैया आली. आमची थोरली. सणसवाडीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, आप्पांच्या कॉन्ट्रॅक्टवर. कंपनीची बस तिला नाक्यावर सोडते. डबा ठेवून तिनं आप्पांना सलाम केला. आप्पांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं जत्रेत लोक बैलाकडं पाहतात, आणि मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "पोरगी खूश हाय ना कामावर? न्हाई, सध्या लई पोरी नाव लावून बसल्यात. म्हणलं, आपल्या माणसाची पोर हाय, तिला हात लावायचा न्हाई."

हात कुणी लावायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. वाक्यातून माणूस काढून टाकायची त्यांची कला जुनी आहे. सरकारनं औद्योगिक वसाहतीसाठी त्यांची जमीन घेतली, तेव्हा मात्र ते माइकवरून ओरडायचे, "सरकारनं हिसकावली." तिथं सरकार होतं. मग त्याच वसाहतीत त्यांनी माणसं पुरवायचं कंत्राट घेतलं आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी सगळं आपोआप होतं. पगार थांबतो. पोरी कमी होतात. काम बंद पडतं.

ते गेल्यावर सुमैया म्हणाली, "अम्मी, हे धमकी देऊन गेले ना?"

"चहा पिऊन गेले," मी म्हणाले.

मी दौंडची. वडील रेल्वेत, क्वार्टर लाइनीलगत. गाडी गेली की मांडणीवरची भांडी नाचायची, कपबशा फुटायच्या. अम्मा स्वयंपाकघरातून एकच विचारायची: "फुटला का फोडला?" फुटला असेल तर तुकडे गोळा कर आणि ये जेवायला. फोडला असेल तर पुढं ये आणि मी फोडला म्हण. मार दोन्हीला नव्हता. पण फोडलेल्याला फुटला म्हटलं की अम्मा दिवसभर बोलायची नाही, आणि आमच्या अम्माचं न बोलणं मारापेक्षा महाग पडायचं. घरात आमची दख्खनी, दारात मराठी, पण दोन्हीकडं हे दोन शब्द वेगळेच होते. फुट्या आणि फोड्या. मी शाळेत फार गेले नाही. पुढं वर्तमानपत्र, पोरींची पुस्तकं, जुने दिवाळी अंक, जे हाती येईल ते वाचत गेले. व्याकरण मात्र माझं तेवढंच. माझ्या पोरींनाही मी तेच शिकवलं.

ह्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. ह्यांना शिकवलं दगडखाणीनं आणि कारखान्यानं. तिथं मशीन कधी कुणी बंद करत नाही. बंद पडतं. बेल्ट तुटतो, बेअरिंग जातं, फ्यूज उडतो. सुपरवायझर आला की चार माणसं एका सुरात म्हणतात, बंद पडलं साहेब. त्यात कुणाचा बळी जात नाही, कुणाची हजेरी कापली जात नाही. ही त्यांच्यातली माणुसकीच आहे एक प्रकारची. एकानं चुकून बटण दाबलं तरी बाकीचे त्याला पाठीशी घालतात: पडलं. इतकी वर्षं हे बोलून बोलून जीभ तशीच वळते. हॉटेलात वकिलानं विचारलं तेव्हाही तशीच वळली.

खरं काय झालं ते ह्यांनी मला फार पूर्वीच सांगितलं होतं, तुटक तुटक, भाजी निवडताना, वेगवेगळ्या दिवशी. त्या दिवशी सैन्य आलंच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. आदल्या दुपारी नवनाथ पंपाच्या खोलीत आला, फोन कानाला, चेहरा पांढरा. म्हणाला, "मामा, सगळे पंप बंद करा. वरून आलंय. घेताहेत तर घेऊ देत पाण्यानं भरलेली." ह्यांनी विचारलं, खाली कुणी आहे का. नवनाथ म्हणाला, सगळे वर आलेत. ह्यांनी एकेक करून बटणं दाबली. आणि इसाया मेला.

इसाया तिथला, खालच्या पंपांवरचा मदतनीस. ह्यांच्याबरोबर दोन वर्षं काम केलेला. त्यानं दिलेला लाकडी चमचा आमच्या डब्यात अजून आहे. सगळे वर आले असतील तर इसाया खाली कसा, हे मात्र ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलं की उठून गच्चीवर जायचे.

बुधवारी संध्याकाळी मी थेट विचारलं. "उद्या काय म्हणणार आहात?"

"आप्पा म्हणाले तेच."

"पंप बंद पडले?"

"सुमैयाची नोकरी हाय, चांद. धाकट्या सनाचं कॉलेज हाय. आन् बटण मी दाबलं. मी दाबलं म्हणलं की मलाच धरतील. आप्पा म्हणत होते, तिकडच्या सरकारनं खुनाची केस घातली तर?"

"आप्पांना तुमची एवढी काळजी कवापासून?"

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. ह्यांच्यावर नाही. म्हणजे ह्यांच्यावरही. बेटावरच्या पाटीला तीन पंच मिळतात, वकिलांची पलटण मिळते, पंचवीस वर्षांचं न आलेलं तांबं मोजून मिळतं. आणि आमच्या घरात मोटर बंद करायला माणूस मिळत नाही.

सुमैया आतून भांडी विसळत ऐकत होती. ती बाहेर आली, हात ओढणीला पुसत म्हणाली, "अब्बा, माझी नोकरी मध्ये घालू नका. मला उद्या कुणी विचारलं की तुझ्या अब्बांनी काय सांगितलं, तर मी काय सांगू?" आणि परत आत गेली.

गुरुवारी मी ह्यांच्याबरोबर गेले. वकीलबाई पुण्याहून आल्या होत्या, कंपनीच्या. मराठीच होत्या, अगदी आपल्या. पोळी-भाजी मागवली, ह्यांना 'काका' म्हणाल्या. मी आत बसणार म्हटल्यावर जरा गडबड झाली. साक्षीदाराच्या खोलीत दुसरं कुणी चालत नाही म्हणे. मी सांगितलं, ह्यांना मधूनच चक्कर येते, मी नसले तर बसणार नाहीत. खोटं नव्हतं. इकडून तिकडं ईमेल गेले आणि परवानगी आली: बाई कॅमेऱ्यात दिसेल अशी बसेल, एक शब्द बोलणार नाही. तिकडच्या सरकारच्या बाजूनं मुंबईचा एक वकील पोरगा लक्ष ठेवायला खोलीत बसला होता. त्यानं माझी खुर्ची दोनदा सरकवली, माझं डोकं पडद्यावर अर्धं येत होतं म्हणून.

सुरू व्हायच्या आधी, तो पोरगा हात धुवायला गेला तेव्हा, हे वकीलबाईंना हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ते पंप तसे पडले न्हाईत. म्हंजी..."

बाईंनी हात वर केला. छान हात होता, एकच बांगडी. "काका, काय बोलायचं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. नियम आहे. मी फक्त एवढंच सांगते की तुमचा जबाब आधीच दाखल आहे आणि त्याखाली तुमची सही आहे. आता वेगळं बोललात तर ते विचारतील, तेव्हा खोटं बोललात की आता?"

"पण मॅडम..."

"बंद पडले हे तुमचेच शब्द आहेत ना?"

"व्हय."

"झालं तर मग."

मराठी बाई होती. तिच्याही घरी कपबशा असतील. तिला दोन्ही शब्द येत होते, म्हणूनच तिनं एक धरून ठेवला होता. मला न शिकलेल्यांचा राग येत नाही. ज्यांना दोन्ही येतात त्यांचा येतो.

पडदा उजळला. तीन पंच तीन चौकोनांत. मधल्या चौकोनात पिकल्या केसांची एक बाई, खाली मान घालून लिहिणारी. ती मुख्य. आणखी चार-पाच चौकोनांत वकील, आणि एका कोपऱ्यात दुभाषी, परदेशात राहणारी मराठी बाई. मुख्य पंचबाईंनी विचारलं, मागं बसलेली बाई कोण? हे म्हणाले, "बायको." दुभाषीनं ते इंग्रजीत सांगितलं आणि पंचबाईंनी मला मान हलवून नमस्कार केल्यासारखं केलं. मी पण केला. बोलायचं नव्हतं, मान हलवायला मनाई नव्हती.

सरकारचा वकील उभा राहिला. म्हणजे बसूनच होता, पण सूर उभं राहिल्याचा. दुभाषीनं मराठी केलं: "साक्षीदार महोदय, आपल्या जबाबात नमूद आहे की उदंचन पंप बंद झाले."

"कुठले पंप?" हे म्हणाले.

"उदंचन."

"तसले न्हवते तिथं. पाणी उपसायचे होते."

दुभाषी जराशी हसली. "तेच ते, काका. तर ते पंप बंद झाले, की बंद करण्यात आले?"

"व्हय."

"व्हय म्हणजे कोणतं?"

हे गोंधळले. मला खुर्चीचे हात धरून बसावं लागलं. बंद झाले. बंद करण्यात आले. इतकी शिकलेली माणसं, इतके देश, इतके चौकोन, आणि विचारायला हेच दोन शब्द सापडले, दोन्हीत करणारा नाही. 'करण्यात आले' हा तर सरकारी शब्द. लाठीमार करण्यात आला, अतिक्रमण हटवण्यात आलं, नळ कनेक्शन तोडण्यात आलं. दौंडच्या कुठल्याही पोरानं याहून सरळ विचारलं असतं. पण मला बोलायचं नव्हतं. मुंबईचा पोरगा माझ्याकडंच बघत होता.

"बंद झाले होते," हे अखेर म्हणाले. वकीलबाईंनी पेनचं टोपण लावलं.

सरकारचा वकील पुढं सरकला. "वीज तोडल्यामुळे?"

हे म्हणाले, "पॅनलचा दिवा लागलेला होता."

"म्हणजे वीज होती?"

"दिवा लागलेला होता."

कंपनीच्या बाजूचा कुणी गोरा वकील मध्येच बोलायला लागला. दोघं एकमेकांवर बोलू लागले, दुभाषी कुणाचं मराठी करावं ते न कळून थांबली. मग मधल्या पंचबाईंनी मान वर केली, सगळे गप्प झाले आणि त्यांनी स्वतः विचारलं. इतकं साधं इंग्रजी होतं की मलाच आधी कळलं. दुभाषीनं ते मराठीत आणलं: "तुम्ही तिथं होतात. तुम्ही काय पाहिलं, ते तुमच्या शब्दांत सांगा."

हे पडद्याकडं बघत राहिले. मग मागं वळून माझ्याकडं नाही, तर टेबलावरच्या स्वतःच्या हाताकडं बघितलं.

"पाहिलं न्हाई," हे म्हणाले. "केलं. पंप मी बंद केले."

वकीलबाईंनी डोळे मिटले. दुभाषीनं इंग्रजीत सांगितलं, आणि ह्या वेळी त्यात 'मी' होता. मी ऐकला.

पुढं भराभर झालं. कुणी सांगितलं? नवनाथनं. त्याला कुणी? फोन आला. कुणाचा? वरून. सैन्य कधी आलं? दुसऱ्या दिवशी सकाळी, तवा खालची पातळी भरली होती. मग आधीच्या जबाबात बंद पडले का म्हणालात? हे म्हणाले, "आमच्यात तसं म्हणतात." दुभाषीला ह्याचं काय करावं ते कळेना. तिनं जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण एक पंच जरा हसला.

सरकारच्या वकिलाला हवं ते मिळालं होतं. त्यानं कागद जुळवले आणि म्हणाला, माझे प्रश्न संपले.

"माझं न्हाई संपलं," हे म्हणाले.

दुभाषी म्हणाली, "काका, आता प्रश्न विचारलेला नाही."

"इसायाचं कुणी विचारलंच न्हाई."

सरकारचा वकील घड्याळ बघत होता. हे मी विसरणार नाही. ज्या देशाचा तो वकील, त्याच देशाचा इसाया. सगळ्या कागदांत इसाया एका ओळीत होता, नाव नाही, 'एक कामगार', आणि तो ह्या बाजूलाही नको होता आणि त्या बाजूलाही. पंचबाई मात्र म्हणाल्या, बोलू द्या.

"त्याला मराठी येत होतं," हे म्हणाले. "थोडं. मीच शिकवलं. चालू, बंद, पाना दे, बंद पडला. पंप बंद पडला की आम्ही दोघं खाली जायचो दुरुस्तीला. त्या दिवशी तो वरच होता. नवनाथ खोटं न्हाई बोलला, सगळे वर आले होते. आवाज थांबला म्हणून इसाया पळत आला. दारातनं विचारलं, 'मबू, बंद पडला?' नवनाथ शेजारी उभा. मी म्हणलो, बंद पडला."

दुभाषी थांबली होती. हे पण थांबले, तिच्यासाठी. ती म्हणाली, "पुढं?"

"पुढं काय. बंद पडला म्हंजी दुरुस्त करायचा. तो पिशवी घेऊन खाली गेला. मला वाटलं शेडकडं गेला. खाली जायची वाट मधी खोलगट हाय, तिथं पाणी आधी साचतं, माणूस खालीच अडकतो. मी बंद केला म्हणलो असतो तर तो गेलाच नसता. त्याला तेवढं मराठी येत होतं."

दुभाषीनं सांगायला सुरुवात केली आणि अडकली. दोन मराठी शब्द तिनं जसेच्या तसे उच्चारले, पडला, केला, आणि मग इंग्रजीत बराच वेळ काहीतरी समजावत राहिली. तिचा आवाज मघासारखा राहिला नव्हता. पंचबाई ऐकत होत्या. कंपनीचा गोरा वकील म्हणाला, हे सगळं दाव्याच्या बाहेरचं आहे, नोंदीतून काढावं. सरकारचा वकील म्हणाला, आमची हरकत नाही. सबंध दिवसात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढ्या एकाच गोष्टीवर.

पंचबाई म्हणाल्या, राहू द्या.

मला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं, गच्चीवर हे काय घेऊन जायचे. राग इतका आला होता की रडताही येईना. बोलायला मनाई होती तेच बरं झालं.

बाहेर पार्किंगमध्ये आप्पांची गाडी उभी होती. आत आप्पा, आणि शेजारी नवनाथ. बीपी असलेला. आप्पांना वकीलबाईंनी आधीच फोन केला असावा, कारण ते काचही खाली करेनात. नवनाथ उतरला. ट्रकांच्या आवाजात त्याचं नीट ऐकू येत नव्हतं.

"मामा, मला फोन आला होता. मी काय करणार होतो?"

"तेच जाऊन सांग," हे म्हणाले. "मी माझं सांगितलं."

"आप्पा मारतील मला."

"न्हाई मारायचे. बोलणार न्हाईत फक्त."

नवनाथ तिथंच उभा राहिला. आम्ही रस्ता ओलांडून एसटीला हात केला.

निकाल अजून आलेला नाही. वर्ष लागेल म्हणतात. कंपनी हरली तर सरकार जिंकेल, सरकार हरलं तर कंपनी. इसायाची बायको कुणाच्याच बाजूला नाही. हे तिचा पत्ता शोधताहेत.

सुमैयाचं मात्र लगेच लागलं. सोमवारी तिनं गेटवर कार्ड लावलं तर दिवा लाल. वॉचमन बिहारकडचा, रोज तिला 'दीदी' म्हणणारा. तिनं त्याला विचारलं, "कार्ड बंद पडलंय का?" आणि मग स्वतःच थांबून पुन्हा विचारलं, "बंद पडलंय, का बंद केलंय?"

तो इकडं तिकडं बघून म्हणाला, "किया है, दीदी. ऊपर से."

ती डबा घेऊन तशीच परत आली. डबा उघडून दारात बसून जेवली, भूक लागली होती म्हणाली. वॉचमनचं सांगताना तिला हसू येत होतं. म्हणाली, "अम्मी, एवढ्या मोठ्या कंपनीत तो एकटाच मराठी शिकलाय, आणि तोही हिंदीत."

मी आप्पांना फोन लावला. दुसऱ्यांदा उचलला.

"भाभी, मी तुम्हाला करणारच होतो," आप्पा म्हणाले. "सध्या मंदी हाय. ऑर्डरी न्हाईत. लई पोरींचं काम बंद पडलंय, एकट्या सुमैयाचं न्हाई."

"पडलंय का पाडलंय, आप्पा?"

"आता तुम्ही शब्दात धरायला लागला तर..."

"दुसरं काय धरू? तुम्ही हाताला लागता कुठं?"

तिकडं मागं टीव्ही चालू होता. मी म्हणाले, "मी केलं म्हणा. तेवढंच म्हणा. मी परत फोन करणार नाही, पोरीचं काम मागणार नाही. फक्त म्हणा, मी काढली."

फोन बंद झाला. झाला म्हणजे त्यांनी केला.

वर टाकी भरून वाहायला लागली होती. पन्हाळीखाली साळूबाईंची बादली होती, ती भरून पाणी रस्त्यावर चाललं होतं, आणि त्या पलीकडून ओरडत होत्या, "अगं चांदबी, गाव बुडवतीस का?" हे दारातच खुर्चीवर होते. त्यांनी वर बटणाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मी उठले आणि मोटर बंद केली.